मांजराची शेपटी

महायुद्ध संपल्यावर १९४६ साली सैन्यासाठीच्या फिल्म बंद झाल्या आणि लॉस एंजेलिसच्या एका कार्टून स्टुडिओत रंग भरणाऱ्या बायकांची कपात सुरू झाली. त्यांच्यातल्याच व्हर्नाला टिकायचं तर शाईच्या रेघा ओढणाऱ्यांच्या खोलीत जागा मिळवायला हवी होती. परीक्षा एकच होती: पारदर्शक सेल्युलॉइडवर मांजराची लांब शेपटी टाक न उचलता काढायची.

पहिल्या दोन्ही रेघा टोकाला थरथरल्या.

"अगं, श्वास कोंडून बसलीस की काय? तोंडाचा टोमॅटो झालाय!" परीक्षा घेणाऱ्या हेझलबाई म्हणाल्या.

"हात हलेल म्हणून, बाई."

"मला पुतळा नकोय, मांजर हवंय. रविवारी चर्चमध्ये गातेस ना? तिथं श्वास कसा सोडतेस?"

"हळूहळू, ओळ संपेपर्यंत."

"मग इथंही तसाच सोड."

व्हर्नाने मनात प्रभूचं नाव घेतलं आणि स्तोत्र गुणगुणत टाक टेकवला. श्वास सरत गेला तशी रेघ वळली, बारीक झाली आणि अलगद संपली.

हेझलबाईंनी ते सेल्युलॉइड उजेडासमोर धरलं. "सोमवारपासून इथं खिडकीजवळच्या मेजाशी बस. आणि गुणगुणणं जरा हळू हं, नाहीतर बाकीच्यांच्या रेघा नाचायला लागतील!"