आधीचे दहा सेकंद

गुणवंतराव एस.टी.त चढला की आधी कंडक्टरला विचारतो, "सावलीले जाते न?" मग पुढे जाऊन ड्रायव्हरला तेच विचारतो. दोघांचं उत्तर सारखं आलं तर त्याला वाटतं, हे दोघे आधीच ठरवून बसलेत. नावात राव असला तरी आम्ही एका वयाचे, भिंतीला भिंत लागून राहणारे, म्हणून मी त्याला अरेतुरेच करतो. त्याच्या संशयाचा मला मनापासून वैताग आहे. माझ्या घरचा चहासुद्धा तो आधी मला प्यायला लावतो.

धंदा लग्नाच्या शूटिंगचा. चार वर्षांपूर्वी त्याने नागपूरच्या एका बंद पडलेल्या स्टुडिओतून सिनेमाचा डिजिटल कॅमेरा आणला. चित्र असं की धानाच्या लोंबीवरचा किडा ओळखू यावा. वापरायला मात्र महाखट. रेकॉर्डिंग चालू आहे हे सांगणारा लाल ठिपका तिळाएवढा, उन्हात दिसतच नसे. पडद्याला गाल लागला की सेटिंग बदले. पुसायच्या खुणेवर चुकून बोट पडलं तर विचारणं वगैरे काही नाही, शॉट थेट गायब. एका नवरीची अख्खी पाठवणी अशीच गेली होती.

सावली गावात त्याचं एडिटिंग करणारी दिव्यानी दोन वर्षं सांगत होती, "भाऊ, कंपनीनं नवं सॉफ्टवेअर देल्लं हाये. फुकट हाये. टाकून घ्या."

"फुकट काऊन देते? मोबाइल अपडेट केला तवापासून बॅटरी दुपारपर्यंत टिकत नाई. याच्या जुन्या खोड्या मले पाठ हायेत. नव्या कोन शिकन? अन् यात तुहा काय फायदा?"

"तुमच्या चपलांचं शूटिंग काटण्यात माहे दिवस चालले, हा फायदा," दिव्यानी म्हणाली.

चपलांची गोष्ट खरी होती, आणि तीच त्याला सलत होती. त्याच्या घरच्या सगळ्यात जुन्या बांधीत, धानाच्या खाचरात, दरवर्षी रोवणा, म्हणजे भातलावणी, सुरू होतो तो त्याच्या आईच्या, अंजनाबाईच्या हाताने. धानाच्या रोपांची, पऱ्ह्यांची, पहिली पेंडी हातात घेऊन ती एक हाक घालते. त्या बांधीत पूर्वी राबून गेलेल्या नऊ बायांची नावं, सासू, आजेसासू, तिच्याही मागच्या. "ये वो सखू, ये वो भागी, बांधीत पाय दे." हाक वर्षातून एकदाच. मग बाकीच्या बाया गाणं उचलतात. सरिताला, म्हणजे गुणवंतरावाच्या बायकोला, नावं पाठ आहेत. पण ती चढत जाणारी चाल तिच्या गळ्यात बसत नाही.

ही हाक टिपायचा गुणवंतरावाने दोनदा प्रयत्न केला. पहिल्या वर्षी बटण दाबेपर्यंत चार नावं होऊन गेली. दुसऱ्या वर्षी लाल ठिपका दिसला नाही, त्याने चालू समजून बंद केला आणि बंद समजून चालू. हाक राहिली, बांधीच्या कडेने, धुऱ्यावरून चालणाऱ्या त्याच्या चपला तेवढ्या आल्या.

यंदा अंजनाबाईच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरच्या डॉक्टरांनी पोळ्यानंतरची तारीख दिली आणि स्पष्ट सांगितलं, ऑपरेशननंतर आवाज राहील किंवा नाही राहणार. त्या दिवशी गुणवंतराव घरी आला, जेवला नाही, आणि सकाळी कॅमेरा घेऊन दिव्यानीकडे गेला.

मीही बरोबर होतो. साक्षीदार म्हणून. दिव्यानीने फाइल कार्डावर घेतली, बॅटरी भरली असल्याची खात्री केली, कार्ड आत घातलं. पडदा काळा झाला. गुणवंतरावाने माझं मनगट धरलं ते दहा मिनिटं सोडलं नाही.

कॅमेरा जागा झाला आणि खरंच शहाणा झाला होता. रेकॉर्डिंग सुरू केलं की पडद्याभोवती जाड लाल चौकट. गालाने काही बिघडू नये म्हणून पडद्याला कुलूप. पुसायच्या आधी सवाल. आणि दिव्यानीने सगळ्यात कौतुकाने सांगितलं ते शेवटी: आता बटण दाबायच्या आधीचे दहा सेकंदही त्यात येणार होते.

गुणवंतरावाचा चेहरा उतरला. "म्हंजे मी बटन नाई दाबलं तवाबी हा आयकून राह्यला?"

"आयकते, पन फेकून देते भाऊ. फक्त मागचे दहा सेकंद ठेवते."

"फेकते कुठी?"

दिव्यानीने माझ्याकडे पाहिलं. घरी येऊन त्याने परीक्षा घेतली. कॅमेऱ्यासमोर मला एक सणसणीत शिवी दिली, अकरा सेकंद मोजले, बटण दाबलं. शिवी नव्हती. मग शिवी देऊन आठ सेकंदांनी दाबलं. शिवी होती. असं त्याने सात वेळा केलं आणि सातही शिव्या मीच खाल्ल्या. तरी "यात काईतरी हाये" हे पालुपद चालूच होतं.

रोवण्याच्या दिवशी आम्ही धुऱ्यावर उभे होतो. अंजनाबाई आणि सरिता धुऱ्यालगतच्या चिखलात शेजारी शेजारी. गुणवंतरावाने कपाळावरचा घाम पुसायला मान खाली घातली, तेवढ्यात हाक उठली. त्याने बटण दाबलं ते चार-पाच सेकंद उशिरा. पण लाल चौकट आली, आणि घरी येऊन पाहिलं तर सगळी हाक होती. पहिल्या नावापासून. आवाज असा की माझ्या अंगावर काटा आला.

त्याआधी मात्र अंजनाबाईची कुजबूजही आली होती. "थांब सरिता. त्यानं मान खाली घातली का सुरू करू. डब्ब्यात गेली का माह्या सासूचं नाव कोनाच्याबी हळदीत वाजवन थो."

गुणवंतराव भिंतीला टेकून बसला. तिचं खोटं नव्हतं. मागे त्याने सरिताचं रोवण्याचं गाणं एका हळदीच्या व्हिडिओखाली लावलं होतं, तिला न विचारता. मला त्याची कीव आली आणि रागही आला. तीन वर्षं मायलेक एकमेकांवर पाळत ठेवून होते.

 तिसऱ्या दिवशी आईपुढे कॅमेरा घेऊन बसला. "माय, तुही हाक सापडली. तुले न सांगता."

तिने सगळं ऐकलं, स्वतःची कुजबूजसुद्धा. "चोरीची हाये. पुस."

त्याने खूण दाबली. पडद्यावर सवाल आला. अंजनाबाईला इंग्रजी वाचता येत नाही. "यात पुसाचं कोन्तं?" तिने विचारलं. त्याला कुठेही बोट दाखवता आलं असतं. तिला कधीच कळलं नसतं.  त्याने खरं तेच दाखवलं, आणि तिने दाबलं.

मग ती कडाडली. "तीन साल टपून बसला. एकदा तरी इचारलं काय मले?"

"तू नाई म्हनशीन वाटे."

"इचारून तं पाहाचं होतं!"

त्याने विचारलं. माझ्यादेखत, पन्नाशीच्या माणसाने, डोळे पुसत. "माय, घेऊ का तुही हाक?"

"घे. पन लगनात नाई वाजवाची. त्या नऊ जनीची शपथ घे."

त्याने घेतली. आम्ही बांधीवर गेलो. रोवणा होऊन गेलेला, पऱ्हे मुळं धरत होते. ती धुऱ्यावर उभी राहिली, कॅमेऱ्याकडे तोंड करून. आवाज त्या दिवसासारखा लागला नाही. सहाव्या नावाला घसा चिरला, सातवं खोकल्यात गेलं. पुसलेली हाक हजारपटीने चांगली होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. ती रेटत राहिली. नववं नाव झालं. गुणवंतरावाने बटणाकडे बोट नेलं, पण तिने हाताने थांबवलं. श्वास घेतला आणि दहावं नाव घेतलं.

"ये वो अंजना, बांधीत पाय दे."