लेव्हल बुकातलं शून्य

आमच्या घरात माझी एक गोष्ट फार चालते. पाहुणे आले, चहा झाला, की मी ती काढते. चाळीस वर्षांपूर्वी, डिप्लोमा संपताच, मी बांधकामाच्या साइटवर सर्व्हेची अप्रेंटिस होते. अख्ख्या साइटवर दुर्बिणीला डोळा लावणारी एकटी मुलगी, आणि माझं लेव्हलिंग रोज शून्यावर मिटायचं.

लेव्हलिंग म्हणजे उंच्या मोजणं. एका पक्क्या खुणेपासून, म्हणजे बेंचमार्कपासून निघायचं, स्टाफ नावाच्या उभ्या पट्टीवरचे आकडे दुर्बिणीतून वाचत साइटभर फिरायचं आणि उंची आधीच ठाऊक असलेल्या खुणेवर येऊन थांबायचं. हिशेबानं आलेली उंची आणि त्या खुणेची उंची जुळली पाहिजे. दोन-चार मिलिमीटरचा फरक सगळ्यांचाच पडतो. माझा म्हणे पडायचाच नाही.

ही गोष्ट ऐकत माझी नात मोठी झाली आणि आता तीच डिग्री अप्रेंटिस आहे. आठवड्याचे चार दिवस हिंजवडीच्या साइटवर, दोन दिवस कॉलेजात. साइटवरून येते तेव्हा बुटांतून पाव किलो माती निघते, आणि मला उगाच अभिमान वाटतो. उगाचच.

मागच्या महिन्यातल्या एका शनिवारी ती दुपारीच घरी आली. जेवली नाही. मी मटार सोलत होते आणि ती गॅलरीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून गॅलरीत.

"अगं, बस की. फरशी झिजेल."

"आजी, चौदा लागतायत."

"काय चौदा?"

"मिलिमीटर! दोनदा केलं, दोन्ही वेळा चौदा. सोमवारी सकाळी पायाच्या फुटिंगचं काँक्रीट आहे, आणि लेव्हल मी दिल्यात. साइटवरच्या सरांना सांगितलं तर म्हणतील, हिला साधं लेव्हलिंग जमत नाही. सिरियसली, मला नाहीच जमत. तुझं तर रोज शून्य यायचं."

माझ्या हातातली शेंग सोलायची राहून गेली.

तिनं टेबलावर लेव्हल बुक उघडलं. या वहीचा एक कडक नियम आहे: पेनानं लिहायचं, खोडायचं नाही, चुकलं तर एक रेघ मारून शेजारी नवा आकडा लिहायचा. ती मात्र कोरं पान काढून बसली. जुन्या पानावरचे आकडे नव्या पानावर सुवाच्य उतरवायला लागली, आणि एका आकड्यापाशी तिचं पेन थांबलं. मला कळलं. मी हेच केलं होतं, आणि अक्षर हिच्याहून सुंदर होतं.

मी उठले, गॅसवर काही नसताना गॅस बघून आले. पाणी प्यायले. परत बसले. पुन्हा उठले. ती म्हणाली, "आता तू का फिरतेयस?"

मग सांगितलंच.

माझ्या वेळची पक्की खूण पुलाच्या कठड्यावर होती. शेवटी तिथपर्यंत परत चालायचा मला कंटाळा. म्हणून वॉचमनच्या खोपटापाशी एका दगडाला लाल रंग फासून, त्याची उंची एकदा मोजून मी माझी स्वतःची खूण केली. एका सकाळी बघते तर रंग गायब. मी, हुशार बाई, त्याच दगडाला पुन्हा रंग दिला! रंग का गेला, हा प्रश्न माझ्या डोक्याच्या आसपासही फिरकला नाही. वॉचमनची बायको त्या दगडावर धुणं धुवायची. कपड्यांना लाल डाग पडतात म्हणून तिनं दगड काथ्यानं घासला होता, वर उलटा करून नीट बसवलाही होता.

तेव्हापासून पुलावरून निघून दगडावर आलं की दोन बोटांचा फरक पडायला लागला. मी ठरवलं, आपलंच वाचायला चुकलं असणार. त्या काळच्या दुर्बिणीत जग उलटं दिसायचं, आणि मी तर गॉगल लावून बघायचे. फोटोत बरी दिसते म्हणून. मग रोज संध्याकाळी एखादा आकडा बदलायचा आणि शून्य आणायचं. आठवड्यानं साइटच्या साहेबांनी वही चाळली. "रोज शून्य? वा!" म्हणाले आणि सरळ जाऊन दगडावर पाय ठेवला. दगड डुगडुगला.

"बाई, आपला बेंचमार्क धुण्याला बसतो वाटतं."

त्या दगडावरून लेव्हल घेऊन बांधलेलं जोतं फोडायला लागलं. गवंड्याची बायको विटा उचलता उचलता मला एवढंच म्हणाली, "ताई, पुन्यांदा लावायचं व्हय समदं?" ते अजून ऐकू येतं. पाहुण्यांना मात्र मी हे कधी ऐकवलं नाही.

नात माझ्याकडे बघत राहिली. कौतुकानं नव्हे.

"आजी, मी बारावीपासून ते शून्य डोक्यात घेऊन फिरतेय."

"हो."

"हो काय हो!"

ती गॅलरीत गेली. दार लावून घेतलं. काचेतून मला तिची पाठ दिसत होती आणि कानाला लावलेला फोन. आत आली ती म्हणाली, "सर म्हणाले, उद्या सकाळी परत कर, मी येतो. पण स्टाफ धरणारे मामा गावाला गेलेत, कुणाला तरी आण म्हणाले." थांबून म्हणाली, "तू धर. निदान पट्टी तरी सरळ धरशील."

रविवारी सकाळी मी हिंजवडीला, डोक्यावर पिवळं हेल्मेट, हातात पूर्ण ओढला की माझ्या अडीचपट उंच होणारा स्टाफ. हे आताचे स्टाफ छत्रीच्या दांड्यासारखे एकातून एक ओढून उंच करायचे. दुसरा भाग ओढला तशी ती लांबून ओरडली, "खट् वाजलं?"

"नाही वाजलं!"

"खाली घे, परत ओढ!"

तरी नाही. धावत आली, बोटानं दाबून पाहिलं. आतला खटका ढिला होऊन भाग पूर्ण वर जातच नव्हता, किंचित खालीच अडकत होता. तिनं तोंडातल्या तोंडात एक शब्द उच्चारला, तो मी ऐकला नाही असं धरून चालू. दुसरा स्टाफ आणला. ऊन चढलं, माझे खांदे भरून आले, सर येऊन सावलीत उभे राहिले.

"तीन," ती शेवटी म्हणाली. पेनानं तीन लिहिलं. आदल्या दिवसाच्या पानावर एक रेघ मारून शेजारी कारण लिहिलं, आणि वही सरांपुढे धरली.

सरांनी दोन्ही पानं वाचली, मान हलवली. मग माझ्याकडे वळले. "आजी, तुम्हीपण लेव्हलिंग करायचात ना? ही सांगत असते. रोज शून्य यायचं म्हणे?"

नात दुर्बीण पेटीत ठेवत होती. तिचे हात थांबले.

"यायचं कुठलं हो," मी म्हणाले, "मी आणायचे."