भावजींचं पायरीचं बिट

कन्नंबाडीला धरण बांधून कावेरी अडवली, त्यानंतर म्हैसूरच्या इतिहासात जर काही मोठं घडलं असेल, तर ते म्हणजे आमच्या भावजींनी लोखंडी अँगलला पाडलेलं सरळ भोक. हे मी मेव्हणा म्हणून सांगत नाही. मेव्हणे बहिणीच्या नवऱ्याबद्दल सहसा उलटंच सांगत असतात. पण मी ते भोक डोळ्यांनी पाहिलंय, त्यातून बोल्ट अल्लद खाली उतरताना पाहिलाय, आणि त्या क्षणी भावजींच्या चेहऱ्यावर जे तेज होतं ते दसऱ्याच्या रोषणाईत आख्ख्या राजवाड्यावरही नसतं.

भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. जन्म चामराजपुरमचा, नोकरी विम्याच्या कचेरीतली आणि घराणं शिपाईगिरीचं. त्यांच्या पूर्वजांपैकी कुणीतरी म्हैसूरच्या घोडदळात भाला चालवायचा म्हणे. तो भाला मी कधी पाहिला नाही, पण भावजींच्या तोंडून ऐकताना तो दरवर्षी हातभर लांब होत गेलाय. निवृत्त झाल्यावर माणसं काशीला जातात. भावजी गॅरेजात गेले. गाडी त्या गॅरेजात कधीच नव्हती. तिथं एक टेबल, लोखंड आवळून धरणारा एक वाईस आणि भाल्याचा वारसा चालवणारं एक ड्रिल मशीन. घरातल्या कुठल्याही धातूच्या वस्तूकडे ते असे बघायचे की त्या वस्तूला कापरं भरावं. टपालपेटीला वारा लागावा म्हणून भोकं, पिठाच्या डब्याच्या झाकणाला श्वास घेता यावा म्हणून भोकं. एकदा तर आक्कानं इडलीपात्र लपवून शेजारी नेऊन ठेवलं होतं. लोखंड कापताना मशीनच्या तोंडातलं भोक पाडणारं बिट तापू नये म्हणून तेल सोडावं लागतं, ते भावजी आक्काच्या स्वयंपाकघरातलं खोबरेल सोडायचे. त्यामुळे गॅरेजात काम निघालं की सबंध गल्लीत तळणाचा वास सुटायचा आणि शेजारी कुंपणावरून कन्नडमध्ये रावसाहेब म्हणत विचारायचे, "काय रायरे, आज बोंडा का?" टी. नरसीपूरला सगळं घर संगमावर स्नानाला गेलं, तर हे काठावरच्या कठड्यापाशी उकिडवे बसून त्याचे बोल्ट तपासत होते. "सगळे जण पाप धुताहेत," मी म्हटलं, "तुम्ही काय करताय?" म्हणाले, "इथलं बघ, भोक वाकडं पाडलंय. हे पाप कोण धुणार?"

दरवर्षी आयुधपूजेला भावजी आपल्या प्रत्येक बिटाला गंध, हळद, कुंकू लावायचे. हा प्रसाद, म्हणून तो कधी पुसायचा नाही. असे थरावर थर चढत जाऊन प्रत्येक बिटावरचा आकडा केव्हाच गडप झाला होता. कुठलं बिट किती मापाचं, हे फक्त भावजी ओळखायचे. "ते घे रे, कुंकू जास्त असलेलं," असं सांगायचे. मी ते द्यायचो आणि भोक भलत्याच मापाचं पडायचं.

मापाचं एक वेळ सोडा, जागेचं काय? साधं बिट गुळगुळीत लोखंडावर टेकवून मशीन सुरू केलं की ते थाऱ्यावर राहत नाही, नाचत नाचत बाजूला सरकतं. त्यावर उपाय असा की आधी पंच, म्हणजे टोकदार पोलादी खिळा, ठेवून हातोडा मारायचा, खळगा करायचा आणि मग त्यात बिट धरायचं. पण भावजींच्या गॅरेजच्या भिंतीला लागून शेजारच्या घरातलं तान्हं बाळ झोपायचं. हातोड्याचा एक ठोका पडला की बाळ उठे, बाळाची आजी उठे, आणि आजी उठली की भावजींकडे भाला असता तरी उपयोग झाला नसता. त्यामुळे भावजींची भोकं जिथं पाडायला जावं त्याच्या शेजारी पडत. "स्वल्प सरकलं," एवढंच ते म्हणायचे.

हे स्वल्प एका दसऱ्याला महागात पडलं. आमच्या म्हैसुरात दसरा म्हणजे गोंबे. घराघरात पायऱ्यांच्या मांडणीवर बाहुल्या बसतात, आणि सगळ्यांत वरच्या पायरीवर लाकडाचे राजा-राणी, जे मुलीला लग्नात माहेरहून मिळतात. आक्काचे राजा-राणी आमच्या आईनं दिलेले. आई गेल्यापासून आक्का त्यांना स्वतःखेरीज कुणाला हात लावू देत नाही. आधी ही मांडणी ट्रंका आणि डबे रचून व्हायची. त्या वर्षी भावजींनी लोखंडाचा स्टँड केला. भोकं एकमेकांसमोर येईनात, तेव्हा बोल्ट तिरपे ठोकून, वर पाचरी मारून तो उभा केला. अष्टमीला हळदीकुंकवाला बायका जमल्या. समोरच्या घरातल्या काकूंनी गाणं म्हणायला घेतलं, वरचा सूर लावला, आणि स्टँडनं कमरेतून वाकून नमस्कार केला. हत्ती, घोडे, बँडवाले, अंबारी, सगळं म्हैसूरचं राज्य हॉलभर पसरलं. राजा थेट हरभऱ्याच्या उसळीत. राणीचा हात मोडला.

आक्कानं तेव्हा राजा-राणीला पुसून ट्रंकेत ठेवलं. बोलली ती पाडव्याला, कडुनिंब-गूळ हातावर ठेवता ठेवता. "अहो, नोडी, बघा. यंदा घटस्थापनेला स्टँड ताठ उभा राहिला, तर गॅरेज तुमचं. नाही राहिला, तर ते मशीन माळ्यावर आणि गॅरेजात माझा गाण्याचा क्लास. पोरं व्हरांड्यात डास खात सारीगम म्हणतात. आयितु?"

म्हणजे, झालं ठरलं? भावजी "हं" म्हणाले, मला घेऊन गॅरेजात गेले आणि दार लावून म्हणाले, "काय रे, तुझी बहीण एकदा बोलली की सोडते का?"

"लग्नाआधी तरी कधी सोडलं नाही."

"लग्नानंतरही नाही," ते म्हणाले.

मग सुरू झालं बिटसंशोधन. म्हैसुरातलं एकही हार्डवेअरचं दुकान भावजींनी सोडलं नाही. पिशवीत अँगलचा एक तुकडा कायम, कारण ट्रायल घेतल्याशिवाय विकत घ्यायचं नाही हा बाणा. मुलगी बघायला गेल्यासारखे ते बिट बघत. टोक भिंगाखाली धरत, काउंटरच्या काचेवरून घरंगळवून चाल बघत, मग कूळ विचारत. सोनेरी मुलाम्याची बिटं समोर आली की म्हणत, "सोनं बघून सून करू नये. अंगचं पोलाद कसलं आहे ते सांगा." एका दुकानदाराच्या तर ते इतके राशीला लागले की त्यांचा पांढरा शर्ट कोपऱ्यावर दिसला, तर तो काउंटरखाली बसायचा. भावजी शांतपणे काउंटरवरून वाकून म्हणत, "स्वामी, कालच्या बिटाबद्दल एक शंका होती."

त्यानंच पहिल्यांदा एक गोपुराच्या आकाराचं बिट दाखवलं. खालपासून टोकापर्यंत पायऱ्याच पायऱ्या. भावजी हरखले, जणू चामुंडीचा डोंगरच मुठीत आला. पातळ पत्र्यावर ते बिट झकास चालायचं. पिठाच्या डब्याला दुसरं झाकण मिळालं ते त्यामुळेच, कारण पहिल्याची चाळणी झाली. पण अँगलचं लोखंड जाड. पहिली पायरी आरपार जायच्या आत दुसरी आत घुसायची, आणि भोक वरून हत्तीचं, खालून मुंगीचं. मग दुकानदारानं खणातून दुसरं काढलं. हे साध्या बिटासारखंच, फक्त टोकाला एकच पायरी: पुढं बारीक टोक, मागं पूर्ण मापाचं अंग. त्याला पंच नको, हातोडा नको, आधी छोटं आणि मग मोठं अशी दोनदा भोकं नकोत. भावजींनी तिथंच ट्रायल घेतली. टोक जागेवरून केसभर हललं नाही. घरी येऊन त्यांनी मला समजावलं, "हे बघ, म्हैसूरच्या स्टँडवर बस लागली की माणूस आधी काय करतो? खिडकीतून टॉवेल टाकतो. टॉवेल जागा धरतो, मग माणूस सावकाश दारानं येऊन बसतो. हे टोक म्हणजे टॉवेल. कळलं?"

"कळलं. मग घेतलं का?"

"इतक्यात? विचार करून घेऊ."

कारण आता मापाचा प्रश्न होता. बोल्टाच्या मापाचं घ्यावं की त्याहून केसभर मोठं? मोठं घेतलं तर स्टँड हलेल, बरोबर घेतलं तर रंग चढवल्यावर बोल्ट अडेल. ह्या विचारात आषाढ गेला, श्रावण गेला, गणपती बसले आणि विसर्जनही झालं. अखेर एका सकाळी भावजी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले.

"कुठं निघालात?" आक्कानं विचारलं.

"बिट आणायला. ठरलं. केसभर मोठं."

"कालपासून पक्ष लागला की हो! पितृपक्षात नवीन वस्तू घरात नाही."

"अगं, बिट म्हणजे काय म्हैसूर सिल्क आहे?"

"लोखंड आहे. मग तर मुळीच नाही."

"आणि पक्ष संपल्यावर?"

"संपल्याच्या दुसऱ्या दिवशी घटस्थापना," आक्का म्हणाली आणि माझ्याकडे बघून बारीक हसली. गाण्याच्या क्लासला पेटी कुठं ठेवायची, हे तिनं बहुधा ठरवूनही टाकलं होतं.

दुसरा कुणी असता तर गुपचूप घेऊन आला असता. पण भावजींची खरी अडचण अशी की ह्या दंडकावर त्यांचा आक्कापेक्षा जास्त विश्वास. पक्षात त्यांनी जन्मात कधी टाचणी विकत घेतली नव्हती. ते तसेच दुकानात गेले आणि काउंटरवर कोपरं टेकून उभे राहिले. मी बरोबर होतो. दुकानदार लपला नाही, कारण त्या दिवशी भावजींना एकही शंका नव्हती, आणि हे त्याला भयंकर वाटलं असावं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला.

"अय्यो रायरे! साकु री, साकु!" पुरे, पुरे, असं म्हणत त्यानं ते बिट खणातून काढलं, पुसलं आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात पेनाशेजारी लावलं. "मी विकत नाही, तुम्ही घेत नाही. बिट माझं, खिसा माझा. लोखंड तुमचं, मशीन तुमचं. संध्याकाळी दुकान बंद करून मी येतो, भोकं पाडा, मी परत घेऊन जातो. तुमच्या पितरांचं काही म्हणणं आहे का विचारा. नाहीतर तुम्ही पुढच्या दसऱ्यापर्यंत मला सोडायचे नाहीत."

संध्याकाळी पितरांच्या वतीनं आक्का गॅरेजच्या दारात उभी राहिली. तिनं दुकानदाराच्या खिशाकडे निरखून बघितलं. "हे रात्री राहणार नाही ना?"

"इल्ला अम्मा, नाही राहणार, माझ्याबरोबर घरी."

"मग पाहुणाच तो," आक्का म्हणाली. "पाहुणा पक्षातही येतो. कॉफी आणते." कॉफी दुकानदाराला मिळाली, बिटाला खोबरेल.

भावजींनी अँगल वाईसमध्ये आवळला, खडूच्या फुलीवर टोक टेकवलं, एक थेंब तेल सोडलं आणि मशीन हळू फिरवलं. टोकानं जागा धरली. न नाचता, न घसरता ते आत गेलं, मागून पूर्ण अंग गेलं, आणि चकलीच्या सोऱ्यातून पडावा तसा लोखंडाचा कीस वेटोळी घालत बाहेर पडला. पलीकडचं बाळ झोपलेलं. भावजींनी समोरासमोर दोन अँगल धरले, वरून बोल्ट सोडला. तो ठोकावा लागला नाही, ढकलावा लागला नाही. दिवाणखान्यात आलेल्या जावयासारखा आपसूक आत गेला आणि बसला.

"शिरला," भावजी देवळात बोलतात तितक्या हळू म्हणाले. दुकानदार मात्र असा ओरडला की बाळ उठलंच. पण भिंतीपलीकडून आजी भांडायला आली तेव्हा तिलाही भोक दाखवण्यात आलं, आणि तिनंही, तुम्हाला खोटं वाटेल, "छान आहे हो," म्हटलं.

त्यानंतर पाहुणा रोज संध्याकाळी येऊ लागला. दुकानदार पक्षभर दुकान लवकर बंद करायचा. शेवटी शेवटी तर मशीन कुणी धरायचं यावरून दोघांची भांडणं व्हायची. "रायरे, जोर लावू नका, टोक मोडेल!" "स्वामी, बिट तुमचं असलं तरी गॅरेज माझं आहे!" अजून आहे, असं मी मनात म्हणायचो.

घटस्थापनेच्या सकाळी स्टँड हॉलमध्ये उभा राहिला. आक्कानं काठोकाठ भरलेला तांब्या सगळ्यांत वरच्या पायरीवर ठेवला आणि समोरच्या काकूंना बोलावणं धाडलं. "काकू, जरा वरचा सूर लावा." काकू आधीच खजील होत्या, त्या दबून गायला लागल्या. "वर, काकू, अजून वर!" आक्का म्हणाली. काकूंनी डोळे मिटून जो सूर लावला, त्यानं खिडकीची तावदानं थरथरली, दुकानदारानं कान झाकले, आणि तांब्यातलं पाणी हललं नाही. भावजी मग स्वतः, आपल्या सगळ्या वजनासकट, पहिल्या पायरीवर चढून उभे राहिले. स्टँडनं हूं की चूं केलं नाही. आक्का म्हणाली, "बरं, उतरा आता. गॅरेज तुमचं." दुकानदारानं खिशातून बिट काढून त्यांच्या हातावर ठेवलं, तेव्हा जो मान मिळाला, तेवढा भावजींच्या घराण्याला म्हैसूर संस्थानात कधी मिळाला नसेल.

पण मग आक्कानं स्टँडवर पांढरं धुतलेलं कापड अंथरलं, कारण गोंबे कापडावरच बसतात. आणि भावजींची सगळी सरळ भोकं, सगळे बोल्ट त्याखाली गेले. राणीचा हात चिकटवलेला होता. बायका आल्या, राणीकडे बघून हळहळल्या, हत्तींचं कौतुक केलं, उसळ खाल्ली, गेल्या. भावजी इस्त्रीचा शर्ट घालून शेजारच्या खुर्चीवर बसून होते. विचारलं नाही तर सांगायचं कसं?

ह्याला आता वर्षं लोटली. भावजींचा हात थरथरतो, मशीन क्वचितच निघतं. गॅरेज अजून त्यांचंच आहे. क्लासची पोरं अजून व्हरांड्यात डास खातात. दसऱ्याला स्टँड लागतो, कापड अंथरलं जातं. कुणी पाहुणी आली की आक्का आधी राजा-राणी दाखवत नाही. ती खाली वाकते, कापडाचा कोपरा वर करते आणि म्हणते, "हे बघा, ह्यांनी केलंय." भावजी तेव्हा मुद्दाम खिडकीबाहेर बघत असतात. आणि माझ्या लक्षात आलंय, अलीकडे आक्का तो कोपरा पूर्वीपेक्षा जरा जास्त वेळ धरून ठेवते.