मामंजींच्या बंडीतल्या शेपट्या

सासूबाईंचा माझ्यावरचा पहिला राग माशांवरून होता. मी पडले कोकणातली. वडील बंदरावर कारकून, आणि घराचं मागचं दार उघडलं की समोर समुद्र. सासर नेवाशाजवळच्या खेड्यात, शेतीवाल्यांचं, आणि सासू-सासरे दोघंही गळ्यात माळ घातलेले. मी लग्न होऊन आले त्याच आठवड्यात सासूबाईंनी माझी लुगडी हुंगून बघितली. मीही काही गरीब गाय नव्हते. त्या बघत असल्या की मी मुद्दाम चार-चार वेळा हात धुवायची.

नवरा श्रीरामपूरला पोस्टात. तिथं खोली मिळेपर्यंत मला गावी ठेवलेलं, आणि तो रविवारी येणार. बाकीचे सहा दिवस मला बोलायला माणूस नाही. मी बोलले की थोरल्या जाऊबाई तोंडाला पदर लावून हसायच्या. माझं बोलणं त्यांना गाण्यासारखं वाटायचं म्हणे. म्हणून सकाळची न्याहारी रानात पोचवायचं काम माझ्यावर आलं तेव्हा मला बरंच वाटलं.

मोठा दुष्काळ पडायच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. पौषात जोंधळा भरात आलेला. सासरे, म्हणजे आमचे मामंजी, दिवसभर माळ्यावर उभे राहून गोफणीनं पाखरं हाकायचे. चार बांबूंवर बांधलेला तो उंच माळा म्हणजे त्यांचं राज्य. पाखरांचे त्यांनी दोन भाग केले होते, दाणे खाणारी आणि किडे खाणारी. तारेवर बसलेला एक काळा पक्षी दाखवून त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "ह्यो कोतवाल. ह्याला धोंडा मारायचा न्हाई. ह्यो आपला राखनदार हाय."

आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्या कोतवालालाच धोंडा मारला.

मी खालून म्हटलं, "मामंजी, तो कोतवाल होता ना?" त्यांनी गोफण खांद्यावर टाकली. मग माळ्यावरून चाचपडत उतरले, आणि शेवटच्या बांबूवर त्यांचा पाय फसला तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"दोन सालं झाली," ते म्हणाले. "समदं धुकं दिसतंय. घरात कुनाला सांगू नगंस पोरी. थोरल्याला कळलं तर मला ओट्यावर बसवील. माज्या बापाला मीच बसवलं हुतं. सा म्हैन्यात गेला."

आठ महिन्यांची सून मी. डोळ्याचं ऑपरेशन म्हणजे डोळाच काढून घेतात, अशी तेव्हा आमच्याकडे समजूत होती. मी म्हटलं, "बरं, मी बघते, तुम्ही मारा."

पण बघून सांगणार काय? मला त्यांच्या पाखरांची नावंच ठाऊक नव्हती. रंग सांगितले तर निम्मी पाखरं मातकट. शेवटी त्यांनीच वाट काढली. म्हणाले, "शेपटी सांग. शेपटी खोटं बोलत न्हाई." आता शेपट्या म्हटल्यावर मी काय मागं राहते! होड्या लागल्या की टोपलीतून बाहेर लोंबणारी नुसती शेपटी बघून आम्ही पोरी मासा ओळखायचो. मी सांगितलं, मधे चिरलेली, बांगड्यासारखी. ते म्हणाले, "बांगडा कसा असतो ते मला काय ठावं?"

मी आईला पत्र टाकलं. संक्रांतीच्या आधी भाऊ नारळ घेऊन आला, आणि त्याच्या पिशवीच्या तळाशी कागदात गुंडाळलेल्या सुक्या शेपट्या होत्या. नुसत्या शेपट्या, आईनं कापून धाडलेल्या. मी त्या राखेनं घासल्या, दोन दिवस उन्हात घातल्या आणि भीत भीत रानात नेल्या. मामंजींनी आधी हात मागं घेतला. मग गळ्यातली माळ चाचपून म्हणाले, "खायचं न्हाई म्हनून शपथ हाय. हात लावायचा न्हाई म्हनून न्हाई." आणि एकेक शेपटी बोटांनी वाचायला लागले.

पाखरं हाकायला म्हणून मामंजींनी मला रानातच ठेवून घेतलं, आणि मग आमचं छान जमलं. बांगड्याची शेपटी म्हणजे कोतवाल, हात आवरायचा. वाकटी माशाची निमुळती, टोकाशी दोरा झालेली, म्हणजे पोपट, सोड धोंडा. भोरड्यांचे थवे त्यांना कलकलाटावरूनच कळायचे, तिथं माझी गरज नव्हती. घार वळताना शेपटी पिळते ते मी सांगितलं, होडीचं सुकाणू वळवतात तशी. पाटाच्या कडेला एक बारका पक्षी शेपटी सारखी वर-खाली करत चालायचा. ते म्हणाले, "धोबी त्यो. तुज्या सासूगत हाय, घडीभर थांबत न्हाई." मी पोटभर हसले. सासरी आल्यावर पहिल्यांदाच.

दुपारी पाखरं झाडावर गेली की ते माझ्याकडून समुद्र काढून घ्यायचे. मी सांगायची, पाकट मासा शेपटीत काटा बाळगतो, तो लागला तर गडी आठ दिवस अंथरुणात. माशाची शेपटी डावी-उजवी हलते, पण डॉल्फिनची आडवी, वर-खाली. घोड्याच्या तोंडाचा घोडामासा शेपटीनं गवताला धरून बसतो. हे मात्र त्यांना पटेना. "वानर हाय का त्यो?" आणि खेकडीची शेपटी पोटाखाली दुमडलेली असते, तिच्यात ती अंडी सांभाळते, हे ऐकून त्यांनी हात पोटाशी दुमडून बघितला. मग म्हणाले, "पदर खोचल्यागत." मला माझ्या आईची इतकी आठवण आली की मी न्याहारीचं फडकं उगाच झटकत बसले.

शेपट्या मी रोज परत न्यायची. एक दिवस विसरले. मामंजींनी त्या बंडीच्या खिशात टाकल्या, आणि बंडी गेली धुण्यात.

संध्याकाळी रानातून सगळे आले तेव्हा ओट्याखाली दगडावर त्या चार शेपट्या मांडलेल्या होत्या. सासूबाई उंबऱ्यात उभ्या. आवाज चढलेला नव्हता, त्याचीच जास्त भीती वाटली. थोरल्या दिरांना म्हणाल्या, "बापाच्या खिशात सापडल्या. शेपट्या हायत. मंग धडं कुटं गेली?" नंतर माझ्याकडे वळल्या. "चाळीस सालांची माळ हाय त्येंची. तू रोज न्याहारीतनं घातलंस व्हय त्येंना? रविवारी नवरा आला की त्याच्यासंगट जा म्हायेरी. परत येऊ नगं."

खरं सांगितलं असतं तर क्षणात सुटले असते. पण शब्द दिला होता. खाली बघत उभी राहिले, आणि मनात म्हटलं, मेल्या शेपट्यांनो, तुमच्यापायी माझा संसार चालला. थोरले दीर मला म्हणाले, "बोला की काई तरी." मी दगडावरच्या शेपट्यांवरून नजर काढली नाही. जाऊबाईंचासुद्धा पदर तोंडावरून खाली आला होता.

मामंजी ओट्याच्या खांबाला धरून उठले.

"तिनं काई घातलं न्हाई," ते म्हणाले. "मला दिसत न्हाई. दोन सालं झाली. पाखरू कंचं त्ये ती शेपटीवरनं सांगती, आन मी धोंडा मारतो. शेपट्या मीच मागून घेतल्या."

दिरांनी पुढं होऊन त्यांच्या डोळ्यांपुढं हात हलवला. मामंजींची पापणी लवली नाही. सासूबाई जागेवरच खाली बसल्या.

"आन माज्या तोंडाकडं बघून बोलत हुता त्ये?"

"अंदाजानं," मामंजी म्हणाले.

त्या पदरात तोंड घालून रडल्या. त्या बाईला रडताना मी तेवढंच एकदा पाहिलं. मला माहेरी धाडायचा विषय तिथंच संपला, पण दिरांनी त्याच रात्री गोफण स्वतःच्या खोलीत नेली.

दुसऱ्या दिवशी माळ्यावर थोरले दीर उभे. मामंजी ओट्यावर, रानाकडं तोंड करून, हात मांडीवर रिकामे. मी चहा घेऊन गेले. सगळी रात्र जुळवलेलं वाक्य एकदाचं बोलून टाकलं, "मामंजी, माझ्यापायी तुमचं रान गेलं."

त्यांनी चहा बशीत ओतला आणि फुंकर मारली. "रान काय, जुंधळा काढला की समद्यांचंच सुटतं," ते म्हणाले. "तुजं नाव गेलं असतं तर त्ये कुटनं आनायचं? बस. मुशी माशाच्या शेपटीचं सांगायचं राह्यलंय. सावकाश सांग, तिकडं निम्मं ध्यान पाखरांत जायचं."

मी बसले. म्हटलं, मुशीच्या शेपटीचं वरचं पातं लांब असतं आणि खालचं आखूड. तेवढंच बोलता आलं. मी तोंडावर पदर धरला.

"रडू नगं," मामंजी म्हणाले. "मला दिसत न्हाई, ऐकू येतंय."