कोरडेबुवा आणि पाण्याखालची बाग

धक्क्यावर त्याला सगळे कोरडेबुवा म्हणत. उभी हयात होडी चालवण्यात गेली, पण या बाबाने पाण्यात कधी डोकं म्हणून घातलं नाही! लहानपणी धक्क्यावरून पडला, नाकातोंडात पाणी गेलं, आणि तेव्हा जी धास्ती बसली ती बसलीच. बायको चेष्टा करायची, "आंघोळ तरी करता का हो, की तेवढ्यालाही मीच जाऊन येऊ?"

पाण्यातलं सगळं खातं बायकोचं. स्नॉर्कलिंगला आलेल्या मंडळींना मास्क बसवून द्यायचा, नळी दातात कशी धरायची ते शिकवायचं आणि हाताला धरून खालचं दाखवत फिरवायचं. काचेवर वाफ धरू नये म्हणून मास्कमध्ये थुंकून चोळावं लागतं. कुणी नाक मुरडलं की ती म्हणायची, "घाण वाटते? मग नुसतं धुकं बघा आणि घरी जा." मिशीवाला आला की मात्र पंचाईत. मिशी असली की मास्क नीट चिकटत नाही, पाणी आत शिरतं. "दादा, मासे बघायचेत की मिशी राखायची, ते आधी ठरवा," असं ती तोंडावर सांगायची आणि नवऱ्याकडे बघून हसायची. साऱ्या किनाऱ्यावर त्याच्याइतकी झुपकेदार मिशी कुणाची नव्हती.

जागा दोघांना तोंडपाठ. नवशिक्यांना दीपगृहामागच्या उथळ पाण्यात न्यायचं, तिथे छोटे पट्टेरी मासे अगदी बोटांशी येतात. ज्यांना जरा पोहता येतं त्यांना बुडालेल्या मालवाहू बोटीवर. कासवं बघायची असतील तर गवताळ खाडीच्या तोंडाशी, सकाळी लवकर. आणि या सगळ्यांच्या पलीकडे, दोन खडकांच्या मधे, बाग. हे नाव बायकोनेच ठेवलेलं. पूर्वी तिथे गिऱ्हाइकांना न्यायचे, पण मधेच कधीतरी तिने ते बंद केलं. "लोक पोवळ्यांवर पाय देतात. बाग माझी एकटीची," म्हणाली. परतताना ती तिथे होडी थांबवायला लावायची आणि एकटीच उतरायची.

वर आली की तो विचारायचा, "काय गं, आज काय दिसलं?"

मग ती सांगायची. पोवळ्यांचे जांभळे पंखे कसे डुलत होते, पिवळ्या माशांचा थवा कसा वळला. फाटक्या ओठाचा एक म्हातारा मासा होता, त्याचं नाव सासूबाई. "आज सासूबाई रागावल्या होत्या, कपारीतून बाहेरच येईनात!" ऐकताना कोरडेबुवांच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहायचं. तिचे डोळे लाल झालेले असायचे. तो कळशीतलं गोडं पाणी तिच्या ओंजळीत ओतायचा, म्हणायचा, "खारं पाणी फार लागतं गं तुला. डोळे धू आधी." ती मुकाट्याने धुवायची.

मागच्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने ती गेली. घरात तिचे कपडे होते, मास्क होता, लग्नातला फोटो होता. पण कोरडेबुवांना ती तिथे कुठे सापडेना. ती सापडायची बागेत. होडी त्या दोन खडकांमधे नेऊन तो नुसता बसायचा. खाली पंखे डुलताहेत, सासूबाई रुसल्यात, एवढं मनाशी म्हटलं की दिवस ढकलता यायचा. तेवढाच आधार उरला होता त्याला.

उन्हाळ्यात एक नवरा-बायको आले, पट्टीचे पोहणारे. "तुमच्याकडची सगळ्यात चांगली जागा दाखवा, काका," म्हणाले. तो त्यांना बागेत घेऊन गेला. वाटेत आपल्या बायकोच्याच शब्दांत सगळं सांगितलं, सासूबाईंसकट. दोघं उतरले आणि लगेच वर आले.

"काका, जागा चुकली का? खाली काहीच नाही."

"जागा चुकेल? माझी?" कोरडेबुवा भडकले. "बघायला नजर लागते! परत जा."

ते परत गेले आणि मान हलवत वर आले. बाई हळूच म्हणाली, "सगळं मेलेलं आहे हो. बरीच वर्षं झाली असावीत."

त्याने त्यांना धक्क्यावर आणून सोडलं. पैसे घेतले नाहीत. रात्रभर तो त्यांना मनातल्या मनात शिव्या देत राहिला. सकाळी उठला, आरशासमोर उभा राहिला आणि मिशी साफ उतरवली.

बागेत होडीला नांगर लावला. लाइफ जॅकेट चढवलं, कमरेला दोर बांधून त्याचं दुसरं टोक होडीला बांधलं. बायकोच्या मास्कमध्ये थुंकून काच चोळली, पट्टा सैल करून डोक्यावर ओढला, आणि डोळे गच्च मिटून पाण्यात तोंड घातलं.

डोळे उघडले तेव्हा खाली राखाडी ढिगारा होता. पडलेल्या घराची माती-विटा असाव्यात तसा. पंखे नाहीत, पिवळा थवा नाही. कपारीत शेवाळ. त्याने सगळ्या कपारी पाहिल्या, दोर पुरेल तिथपर्यंत. सासूबाई कुठेच नव्हत्या.

होडीत चढून त्याने मास्क काढला. धापा टाकत, सवयीने, डोळे धुवायला कळशी ओढली आणि तिथेच थांबला. केस ओले होते, मान ओली होती. डोळे कोरडे ठणठणीत होते.

त्याची मुलगी धक्क्याजवळच्या दुकानात टबात मास्क धूत होती. आईच्या हाताखाली तयार झालेली, आता सगळं तीच बघायची. तिने वर पाहिलं, बापाचा उघडा ओठ दिसला आणि तिच्या हातातला मास्क टबात पडला. माणूस मिशी कशासाठी काढतो, हे तिला सांगावं लागत नव्हतं.

"बाबा, तुम्ही खाली गेलात?"

तो स्टुलावर बसला. "मास्क घातल्यावर डोळ्यांना पाणी लागतच नाही गं."

"नाही लागत, बाबा."

"मग तुझ्या आईचे डोळे..."

मुलगी पदराला हात पुसत राहिली. "एका उन्हाळ्यात पाणी फार तापलं आणि सगळं गेलं. मी शाळेत होते तेव्हा. तुम्हाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती तिने मला."

"का पण? मी काय मेलो असतो?" त्याचा आवाज फुटला. "एकटीने का सोसलं तिने?"

"वर आली की तुम्ही रोज विचारायचात ना," मुलगी रडत म्हणाली, "आज काय दिसलं म्हणून."