विजयमालाचा होकार

घरातल्या सगळ्यांनी होकार दिला होता, अडला होता तो एकट्या विजयमालाचा. तिचे सासरे कल्लाप्पा, म्हणजे साऱ्या गावाचेच आप्पा, यांना सल्लेखना घ्यायची होती. वय ऐंशीच्या पुढं, दोन्ही मूत्रपिंडं निकामी, डॉक्टरांनी हात टेकलेले. आता अन्नपाणी हळूहळू कमी करत, देवाचं नाव घेत देह ठेवायचा, असं आप्पांनी ठरवलं आणि बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, मुक्कामाला असलेल्या महाराजांच्या कानावर घातलं. महाराज म्हणाले, घरच्या प्रत्येकानं मनापासून हो म्हटलं पाहिजे. एकाचंही मन मागं राहिलं तर व्रत देता येत नाही.

लेक मिरजेहून आली, रडली, हो म्हणाली. मुलगा, म्हणजे विजयमालाचा नवरा, कुपवाडला एका कारखान्यात लेथवर असतो, त्यानंही मान खाली घालून हो म्हटलं. विजयमाला म्हणाली, "बघू," आणि भांडी घासायला गेली. ती जी गेली ती त्या विषयाकडं परत फिरकलीच नाही.

गावाचं तोंड कोण धरणार? कुणी म्हणालं, सून लय मायेची. कुणी म्हणालं, कसली माया, म्हाताऱ्याच्या पेन्शनवर डोळा असंल. खरं सांगायचं तर तिचं तिलाच कळत नव्हतं. रडू येत नव्हतं, रागही येत नव्हता. हात कामं उरकत होते आणि आत सगळं सुन्न पडलं होतं, दाढ काढायच्या आधी भूल दिलेल्या गालासारखं. तिला भीती वाटायची ती त्या सुन्नपणाचीच.

ही बाई या घरात आली तेव्हा बारावीला इंग्रजीत गटांगळी खाऊन आली होती. आप्पा हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर. ती भाकरी थापायची आणि आप्पा उंबऱ्यावर बसून शिकवायचे. सासरा सुनेला शिकवतोय म्हणून भावकी हसली. हसेना का बापडी! बारावी झाली, मागनं बी.ए. झालं, आणि आता सोप्यात तिची स्वतःची शिकवणी चालते.

त्या संध्याकाळी भविष्यकाळाचा तास होता. समोर दहावीच्या मुली, आतल्या खोलीत आप्पांची कॉट, मधलं दार उघडं.

"साहेबाच्या भाषेत भविष्यकाळाला स्वतःचं घरच नाही," विजयमाला म्हणाली. हे वाक्य मूळचं आप्पांचं. "आपण 'जाईन' म्हटलं की काम झालं. तिकडं सगळी उसनवारी. आत्ता मनात आलं, तर विल. आधीच ठरवलंय, नाहीतर चिन्हं समोर दिसतायत, तर गोइंग टू. तिकीट काढलंय, बॅग भरलीय, तर चालू वर्तमानकाळ, आय अ‍ॅम लीव्हिंग टुमारो. आणि वाईहून पुण्याला जाणारी एस.टी. वेळापत्रकानं सुटते, तिला साधा वर्तमानकाळ पुरतो. द बस लीव्हज अ‍ॅट सेव्हन."

"आणि ती उशिरा सुटली तर, मॅडम?" रेश्मानं विचारलं. ही पोरगी वर्गातली सगळ्यात आगाऊ.

"तर आपण स्टँडवर बसायचं. व्याकरण बदलत नाही."

मुली हसल्या. शिकवताना विजयमालाला बरं वाटायचं, तेवढा वेळ आत कोण पडलंय याचा विसर पडायचा. म्हणून ती तास लांबवत राहिली. पूर्ण भविष्यकाळही आजच घेऊन टाकू म्हणाली. अमुक वेळेपर्यंत अमुक काम झालेलं असेल, असं एक वाक्य करा. रेश्मा उठून म्हणाली, "बाय सनसेट माय मदर विल हॅव कुक्ड द डिनर."

"बरोबर," विजयमाला म्हणाली आणि तिची नजर खिडकीकडं गेली. बाहेर अंधार झाला होता.

जैनाचं घर. दिवस मावळल्यावर या घरात कुणाच्या तोंडात घास जात नाही. आप्पांची तांदळाची पेज गॅसवर झाकून तशीच राहिली होती. जी सून त्यांच्या उपासाला हो म्हणत नव्हती, तिनंच आज त्यांना उपाशी ठेवलं. मुलींना घालवून ती आत गेली.

"आप्पा, चुकलं माझं. हाक का न्हाई मारली?"

"चांगलं चाललं हुतं, कशाला मोडायचं?" आप्पा म्हणाले. "ते एस.टी.चं उदाहरण ब्येस हुतं. माझं न्हवं ते."

"भूक लागली असंल तुमाला."

"न्हाई," आप्पा म्हणाले. त्यांनी ते अगदी सहज म्हटलं.

सकाळी ती पेज घेऊन कॉटच्या कडेला बसली. इतक्या दिवसांत तिनं आज पहिल्यांदा त्यांच्याकडं नीट बघितलं. पहिला चमचा घेताना आप्पांनी डोळे मिटले. घोट आत जाईना, कपाळावर घाम फुटला, घशातनं कण्हणं आलं. तरी दुसऱ्या चमच्याला त्यांनी आ केला. काल पेज पोटात नव्हती तर एरवी रोज कण्हणारा हा माणूस रात्रभर कण्हला नव्हता, हे तिला आत्ता ध्यानात आलं. आप्पा जेवत होते ते तिच्यासाठी. ती 'बघू' म्हणाली होती ना, म्हणून.

तिनं चमचा वाटीत ठेवला.

"ऱ्हाऊ दे, आप्पा. महाराजांस्नी सांगूया, माझा होकार हाय."

"मनापास्नं?"

"मनाचं मला काय कळंना झालंय," ती म्हणाली. "पर होकार खरा हाय."

आप्पांनी वाटी तिच्या बाजूला सरकवली.

"काल तूबी जेवली न्हाईस," ते म्हणाले. "पी ती."

पेज गार झाली होती, अळणी होती, घशाखाली उतरत नव्हती. आप्पा बघत होते, म्हणून तिनं ती शेवटच्या घोटापर्यंत संपवली.