एका स्टारचा साहेब

माझा धंदा बोलण्याचा आहे. धुळ्यापासून शिरपूरपर्यंत कुणाचा साखरपुडा असो, कुणाची एकसष्टी असो की शाळेचं स्नेहसंमेलन, माईक माझ्या हातात असतो आणि तो काढून घ्यायला दोन माणसं लागतात. सगळ्यात जास्त मी खुलतो तो फौजींच्या मिरवणुकीत. आमच्याकडे गावचा जवान निवृत्त होऊन आला की त्याला उघड्या जीपमध्ये उभं करतात, पुढे बँड लावतात आणि हारांनी त्याची हनुवटी झाकून टाकतात. शेजारी उभा राहून मी त्याने सोसलेल्या थंडीचं असं वर्णन करतो की एप्रिलच्या उन्हात पुढच्या रांगेतल्या बायका पदर ओढून घेतात.

पण माझ्या घरातल्या फौजीची मिरवणूक कधी निघाली नाही. माझे मोठे काका, ज्यांना अख्खं सोनगीर नाना म्हणायचं, ते नायब सुभेदार होऊन परतले तेव्हा ही पद्धत सुरू व्हायची होती. ते हायवेवर एस.टी.तून उतरले, डोक्यावर काळी ट्रंक घेतली आणि किल्ल्याच्या दिशेने चालत घरी आले. काकूंनी, म्हणजे आमच्या अक्कांनी, भाकरतुकडा ओवाळून टाकला. संपला समारंभ.

नाना शिपाई म्हणून भरती झाले होते. एक एक पायरी चढत नोकरीच्या शेवटी त्यांच्या खांद्यावर एक स्टार आला आणि स्टारखाली एक रंगीत पट्टी. ती पट्टी सांगते की हा माणूस खालून वर आला आहे. आपल्या फौजेत दोन जिने असतात. एक शिपायाचा आणि दुसरा अकादमीतून थेट निघणारा अधिकाऱ्याचा. पहिल्यावरून दुसऱ्यावर उडी घेणारे फार थोडे. म्हणून नानांनी आयुष्यभर, मिशी पांढरी झाल्यावरसुद्धा, नुकती दाढी फुटलेल्या पोरांना सलाम ठोकले. त्याचं त्यांना वाईट वाटायचं नाही. सलाम हुद्द्याला असतो, म्हणायचे. फक्त एक इच्छा होती. एकदा तरी असा सलाम आपल्या घरातल्या पोराला करायचा. अंगणात, कडक, टाचा वाजवून.

त्यासाठी त्यांनी मुलाला तयार केलं होतं. मुलगा अधिकारी निवडीच्या मुलाखतीतून परत आला, पुन्हा गेला, पुन्हा आला, आणि मग इंजिनियर होऊन जर्मनीत निघून गेला. बापलेकांत त्यावरून कधी भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं, असं अक्का म्हणायच्या.

नातू तिकडेच जन्मला, तिथलाच नागरिक. सुट्टीत यायचा तेव्हा आमच्या कार्ट्यांमध्ये तो ओळखू यायचा तो फक्त चपला नीट जोडीने काढून ठेवायचा म्हणून. बाकी बोलणं अस्सल अहिराणी. घरात आईबाप तीच बोलायचे, त्यामुळे त्याला जर्मन येतं, इंग्रजी येतं, अहिराणी येतं आणि शाळेतलं मराठी मात्र कळत नाही. माझं सूत्रसंचालन ऐकून त्याने एकदा बापाला विचारलं होतं की काका कोणत्या देशाची भाषा बोलतोय.

शाळा संपल्यावर या पोराने व्हिडिओ कॉलवर जाहीर केलं की तो तिथल्या फौजेत अधिकारी व्हायला चाललाय. मी तेव्हा नानांच्या ओट्यावरच होतो. बाप मागे तोंड पाडून बसलेला दिसत होता. नानांनी मोबाईल कानाला लावला, मग आठवण होऊन पुन्हा समोर धरला, आणि पहिला प्रश्न केला, "अकादमी कोठे शे?"

पोरगा म्हणाला, अकादमी नंतर. आधी बराकीत, साध्या शिपायासारखं. रायफल, चिखल, रात्रीची गस्त, सगळं.

"म्हंजे तठे साहेब बी पह्यले शिपाई ऱ्हास?"

"हा नाना. बठ्ठा पह्यले शिपाईच ऱ्हातस."

"झाडू बी मारना पडस?"

"रोज."

नानांनी मोबाईल माझ्या हातात दिला आणि आत जाऊन तोंड धुऊन आले. दुपारची वेळ, तोंड धुवायचं काही कारण नव्हतं. एकच जिना असलेली फौज जगात कुठेतरी आहे आणि आपला नातू त्याच जिन्याच्या तळाशी झाडू घेऊन उभा आहे, एवढ्यावर तो माणूस कितीतरी दिवस खूश होता.

पुढे आमचं घर म्हणजे जर्मन फौजेची सोनगीर शाखा झालं. पोरगा दर रविवारी फोन करायचा आणि नाना त्याची हजेरी घ्यायचे. ड्रेस्डेनच्या अधिकारी शाळेत तो फानेनयुंकर झाला. मग पुढच्या गावी, फौजेच्याच विद्यापीठात इंजिनियरिंग शिकता शिकता फेनरिश. मग ओबरफेनरिश. ही नावं नानांनी पारावरच्या म्हाताऱ्यांकडून घोकून घेतली. म्हणायचे, फानेनयुंकर म्हणजे आपला नाईक धरा, फेनरिश म्हणजे हवालदार, फक्त खांद्यावर चंदेरी दोरी असते, ती सांगते की हा पुढे साहेब होणार. ज्यांना स्वतःच्या जावयाची नोकरी नीट सांगता येत नव्हती ते म्हातारे नानांच्या नातवाची बढती बिनचूक सांगायला लागले.

एकदा मात्र पोराने सांगितलेली गोष्ट नानांना पचली नाही. तिथे त्यांना वर्गात शिकवतात की वरिष्ठाचा हुकूम गुन्हा करायला लावणारा असेल तर तो मानायचा नाही. मानायचा नाही म्हणजे मानायचाच नाही, तसा कायदाच आहे. त्यांच्या देशाने एकदा हुकूम पाळून काय केलं होतं, हे शिकवूनच पुढे नेतात. नानांनी ऐकून घेतलं. त्या दिवशी ते पाराकडे गेले नाहीत. संध्याकाळी गोठ्यात उभे राहून मला म्हणाले की आम्हाला असं कुणी विचारलं नव्हतं रे. एवढंच.

पारावर एक टवाळ म्हातारा होता, नानांचा लहानपणचा सोबती. तो नानांना डिवचायचा, "आते दुसरास्ना देशना साहेबले सलाम ठोकशात का?"

"तू घरमा रोज ठोकस," नाना म्हणाले, "त्याले आम्ही काही बोलतस का?"

आणि मग एका रविवारी तो लेफ्टनंट झाला. तिकडे लॉइटनंट म्हणतात. त्याने खांदा कॅमेऱ्याजवळ आणला. खांद्यावर एक स्टार. पट्टीबिट्टी काही नाही, नुसता एकटा स्टार. मला वाटलं, नाना हुरळून जातील. ते बराच वेळ त्या स्टारकडे बघत राहिले. मग म्हणाले, माझ्याइतकाच.

गावाला मात्र हा एक स्टार जड गेला. आमच्याकडे स्टार मोजायची फूटपट्टी म्हणजे पोलीस स्टेशन. एक स्टार म्हणजे जमादार, जो नाक्यावर ट्रक थांबवतो. जर्मनीपर्यंत जाऊन पोरगा जमादार झाला, अशी कुजबुज सुरू झाली. नाना समजावून थकले की आपला लेफ्टनंट दोन स्टारांपासून सुरू होतो, त्यांचा एकापासून, मोजणी तिथली वेगळी आहे. कुणाला पटेना. त्यातच तो दिवाळीला येणार असं कळलं. मित्रमंडळाच्या पोरांनी मिरवणूक ठरवली आणि माईक अर्थातच माझा.

नानांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की पोरगा वर्दीत येणार नाही. परक्या फौजेची वर्दी परवानगीशिवाय इथे घालता येत नाही, आणि त्यांच्याकडेही तोच नियम आहे. वर्दी नसेल तर नसेल. मी माझी टोपी घालीन, तो साध्या कपड्यात उभा राहील, सलाम होईल. हे सांगताना ते इतके आनंदात होते की अक्कांनी ट्रंकेतली बॅरेट टोपी काढून उन्हात ठेवली. कसर लागली होती, पण फार नाही.

मंडळाच्या पोरांना बिनवर्दीचा फौजी मान्य नव्हता. त्यांनी धुळ्याला फ्लेक्स छापायला टाकला. छापणाऱ्याकडे जर्मन वर्दी नव्हती, पण आपल्या फौजेची होती, सर्व मापांत. त्याने पोराचं डोकं कापून एका भारतीय धडावर बसवलं. आणि एक स्टार अगदीच केविलवाणा दिसतो म्हणून खांद्यावर सिंह आणि तीन स्टार चढवले. म्हणजे एका रात्रीत आमचा लॉइटनंट ब्रिगेडियर झाला, तोही दुसऱ्या फौजेत. चौकात ते लागलं तेव्हा मला हसू आवरेना. खाली मीच लिहून दिलेली चार ओळींची भारदस्त वाक्यं होती, ती वाचून आणखी हसलो.

नाना बघायला आले. चष्मा पुसून पुन्हा लावला. फ्लेक्सवर नातवाचा चेहरा, नानांच्या स्वतःच्या फौजेची वर्दी. खरं तर आयुष्यभर त्यांनी डोळ्यांपुढे आणलं असेल ते चित्र हेच. ते इतका वेळ त्याच्यासमोर उभे राहिले की मागून आलेल्या छोटा हत्ती टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

मग म्हणाले, "हाई वर्दी त्यानी नही शे. उतारा."

पोरं म्हणाली, नाना, दिवाळीपर्यंत राहू द्या. नाना मागे वळलेसुद्धा नाहीत. फ्लेक्स उतरवला गेला. कुणीतरी तो कापसावर झाकायला नेला.

दिवाळीच्या आधीच, कापूस वेचणीला बाया लावून बांधावर बसलेले असताना, नाना उजवीकडे कलंडले. धुळ्याच्या दवाखान्यात नेलं. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं गेलं. डॉक्टरांनी काही दिवसांनी हळू आवाजात घरी न्यायला सांगितलं. मिरवणुकीचा विषय कुणी काढला नाही. बँडवाल्याने स्वतः येऊन आगाऊ घेतलेले पैसे परत केले.

पोरगा आला तो विमानतळावरून सरळ. मी त्याला चौफुलीवर घ्यायला गेलो. निळा टी-शर्ट, पाठीवर सॅक, केस बारीक कापलेले. गाडीत काही बोलला नाही. मीही नाही, आणि हे माझ्याबाबतीत नोंद करण्यासारखं आहे.

खोलीत नाना उशीला टेकून होते. पोरगा दारात थांबला आणि म्हणाला, "मी येल शे, नाना."

नानांचे डोळे त्याच्यावरून हलेनात. मग डावा हात डोक्याकडे जायला लागला, पुन्हा पुन्हा. अक्कांना कळलं. त्यांनी बॅरेट आणून त्यांच्या डोक्यावर घातली, कानाजवळ नीट दाबली. आता सगळं जमलं होतं. समोर साहेब उभा, डोक्यावर टोपी. फक्त उजवा हात चादरीवर पडलेला होता, तो काही केल्या उठेना. नानांच्या कपाळावरची शीर फुगली. बोटंसुद्धा हलली नाहीत. अक्का हात उचलून द्यायला वाकल्या. नानांनी मान हलवली, नाही. डाव्या हाताने सलाम होत नाही आणि दुसऱ्याने उचललेल्या हाताचाही होत नाही.

मी भिंतीला टेकून होतो. एरवी अशा वेळी मी काहीतरी बोलून लोकांना मोकळं करतो. त्या दिवशी मला बाहेर पळावंसं वाटत होतं.

मग नानांनी डाव्या हाताने टोपी काढली.

मला वाटलं, हरले. पण तसं नव्हतं. आपल्या फौजेत डोक्यावर टोपी नसेल तर हात उचलत नाहीत. नुसतं सावधान होतात आणि तोच सलाम धरला जातो. हे मला माहीत होतं, शेकडो फौजींच्या मिरवणुका मी काही झोपेत काढलेल्या नाहीत. पण ते मला आठवलं ते पायथ्याची चादर हलली तेव्हा. नानांचा डावा पाय चादरीखालून सरकत होता. हळूहळू, मध्ये थांबत, तो निर्जीव उजव्या पायापर्यंत गेला आणि टाच टाचेला टेकली. हनुवटी वर झाली. आडवे पडल्या पडल्या नाना सावधान झाले.

पोराला कळलं. त्यांच्याकडे उघड्या डोक्यानेही सलाम करतात. त्याची पाठ ताठ झाली, हात कपाळाशी गेला आणि तिथेच राहिला. त्याने तो खाली घेतला तरी नाना तसेच. हनुवटी वर, पाय जुळवलेले. डाव्या मांडीला कंप सुटला होता. पोरगा माझ्याकडे बघायला लागला. साहेबाने विश्राम दिल्याशिवाय सावधानातला माणूस हलत नाही, हे मला माहीत होतं. पण विश्राम म्हणायचा अधिकार त्या खोलीत माझा नव्हता, अक्कांचा नव्हता. मी पोराला नुसती मान हलवून खुणावलं. त्याला तो हिंदी शब्द ठाऊक नव्हता. चादरीखालचा कंप वाढत चालला.

शेवटी त्याने त्याच्या फौजेतला शब्द उच्चारला. जर्मन, एकच शब्द, मैदानावर देतात तसा नाही, अगदी हळू. नानांनी तो शब्द जन्मात ऐकला नसेल. तरी त्यांचा पाय सैल पडला. हनुवटी खाली आली. पोराने जवळ बसून चादर सारखी केली. "आते आराम करा, नाना," तो म्हणाला.

रात्री ओट्यावर तो माझ्याशेजारी बसला होता. हायवेवरून ट्रक जात होते. त्याने विचारलं, "काका, मी बराबर करं ना?"

मी हो म्हणालो. त्याने गुडघ्यात डोकं घातलं आणि खांदे हलायला लागले. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

त्याची रजा संपली तेव्हा नाना होते. तो परत गेला आणि त्याच आठवड्यात नाना गेले. बातमी मी फोनवर सांगितली. तो सरावाला मैदानावर होता, मागून शिट्ट्या ऐकू येत होत्या. त्याने मला थांबायला सांगितलं, बुटांच्या टाचा जुळल्याचा आवाज आला, आणि मग फोनवर फक्त तिकडचा वारा ऐकू येत राहिला.